हातचे राखून टाकलेले फासे

भात पिवळे पडू लागले की मला फाशांचा राग येतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मला कळते. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला एवढे तरी कळायलाच हवे. तरीही दसरा उलटतो, कुसगावच्या खाचरांवरचे धुके सकाळी उशिरा उठू लागते, इंद्रायणी भाताचा तो ओलसर, दुधाळ, किंचित गोड वास शिकवणीच्या खोलीत शिरतो, आणि माझ्या मनात पहिला विचार येतो तो एका भालाइताचा. तो एका पाळीत दोन वार करतो. ते जास्त होतात. एकच करू दिला तर कमी पडतो. दीड वार करता येत नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, कुणी जिंकत किंवा हरत नाही. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: पुढे घाट आहे, घाटात गुहा आहे, गुहेतून घुरघुर ऐकू येते आहे. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. बोलून भागत असेल तर बोलणे, नाहीतर लढाई. लढाईत मात्र कुणाच्या बोलण्यावर विसंबता येत नाही, म्हणून तिथे फासा येतो. वीस बाजूंचा, लिंबाएवढा. भालाइताने वार केला की फाशावर जो आकडा पडेल तितके जीव राक्षसाचे कमी. तिरंदाजाचा फासा दहा बाजूंचा. वैदूच्या सुरीचा, साधा, सहा बाजूंचा. छापील नियम आहेत, पण ते जाडजूड आणि परक्या मुलखातले. पत्त्यांच्या मेंढीकोटात जसे प्रत्येक घरचे नियम निराळे, तसे आम्हीही आमच्या घरचे नियम केले. आम्ही म्हणजे मी केले. तिथूनच सगळा मनस्ताप सुरू झाला.

आम्ही चौघे होतो, आणि या खेळावाचून एका खोलीत बसण्याचे आम्हाला काही कारण नव्हते. विकास माझा जुना विद्यार्थी, कुसगावचाच, घरी शेती, नोकरी तळेगावच्या कारखान्यात. खेळ त्यानेच वसतिगृहातून आणला. शंकरभाऊ लोहगडवाडीच्या वरच्या अंगाच्या वस्तीतले; गडाच्या पायथ्याशी त्यांची भजी-चहाची टपरी आहे. मुक्कामाला आलेल्या पोरांना त्यांनी हा खेळ खेळताना पाहिले होते, आणि एकदा भज्यांची परात हातात धरून पूर्ण लढाई उभ्याने पाहिल्यामुळे भजी परत तळावी लागली होती, असे ते स्वतःच सांगत. आणि सुषमा. शाळेपासूनची माझी मैत्रीण, लोणावळ्यात औषधांचे दुकान चालवते. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, गुरुवारी गडावर गर्दी नाही, आणि दुपारी सुषमाचे दुकान बंद. म्हणून गुरुवार दुपार. माझ्या शिकवणीची खोली दुपारी, मुले शाळेत असताना, रिकामीच असे.

त्या खोलीची आठवण आजही अंगाला लागून येते. शाळेने टाकून दिलेले उतरत्या फळ्यांचे बाक, खडूची भुकटी, खिडकीबाहेर कापणीला आलेले खाचर, आणि पलीकडच्या नव्या बंगल्यात भर दुपारी चाललेली ढोलताशांची रेकॉर्ड. सुट्टीला आलेल्या माणसांना शांतता हवी असते, असे म्हणतात. ती त्यांनी कधी वापरलेली मला दिसली नाही. उतरत्या बाकावर फासा थांबत नसे. तो घरंगळून बाकाखाली जाई आणि मग चौघे प्रौढ गुडघ्यांवर. अखेरीस प्रत्येकाने आपापल्या डब्याचे झाकण मांडीवर घ्यायचे, त्यात फासा टाकायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा, असे ठरले. सूत्रधार मी होते, म्हणून मी फळ्यावर राक्षसाचे जीव लिहायचे आणि वजाबाकी करत जायचे. नीटनेटकी पद्धत होती. नीटनेटक्या पद्धतीवर माझा फार विश्वास.

पहिल्याच गुरुवारी सुषमाने कुरकुर केली. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वैदू केलंत. मी दिवसभर काउंटरवर औषधं देते, इथे येऊनही औषधंच देऊ?"

"ताई, दुसऱ्या कुनाच्या हातानं घ्यायचं औषध आमी?" शंकरभाऊ म्हणाले. "ह्या विकासच्या? हा तर तापावर ग्रीस लावल."

"भाऊ, तुमच्या भज्याच्या तेलापरीस बरं."

सगळे हसले, सुषमाही हसली. पण तिसऱ्या गुरुवारी ती हसली नाही. गुहेत लांडगा आला, विकासच्या भालाइताने त्याला पहिल्याच पाळीत लोळवले, शंकरभाऊंचा बाण मेलेल्या लांडग्यात शिरला, आणि सुषमाची पाळी आली तेव्हा करण्यासारखे काही उरलेच नव्हते. तिने झाकण डब्यावर लावून डबा पिशवीत टाकला.

"मी काय तुमचं सामान राखायला बसले आहे का?" ती मला म्हणाली, त्यांना नाही. "तू हे नीट कर. नाहीतर पुढच्या वेळेपासून मी दुकान उघडं ठेवते."

ती बोलते तसे करते, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या वयाला नव्या मैत्रिणी मिळत नाहीत, आणि जुन्या मैत्रिणी भेटतात त्या लग्नकार्यात, घाईत, पंगतीच्या शेजारी. दर आठवड्याला समोरासमोर बसून एकमेकींचे ऐकायला लावणारे असे ते एकच बाक होते. त्यावरून ती उठली तर ती माझ्या आयुष्यातूनही अर्धी उठली असती. म्हणून मी नियमांना हात घातला.

प्रश्न असा मांडला. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी साडेदहा. दोन वारांचे एकवीस. चाळीस जिवांचा राक्षस दुसऱ्या पाळीत आडवा होणार, आणि वैदूच्या वाट्याला काही राहणार नाही. उपाय तीन: भालाइताला दुबळे करणे, राक्षसाला बळकट करणे किंवा वैदूला काहीतरी देणे. राक्षस बळकट केला तर तो वैदूलाच आधी खातो, म्हणून दुसरा उपाय बाद. मी पहिला घेतला. नियम केला की दोन वार केले की भालाइताला धाप लागेल आणि पुढची पाळी तो बसून काढेल.

"बरं बाई," विकास एवढेच म्हणाला.

लढाया लांबल्या. तीन-तीन, चार-चार पाळ्या चालू लागल्या, आणि शेवटचा घाव, आश्चर्य म्हणजे, बहुतेक वेळा सुषमाच्या त्या एवढ्याशा सुरीचा असे. ती खूश. मी खूश. मात्र शिक्षकाला एक वाईट खोड असते, उत्तर जुळले तरी रीत तपासायची. मी घरी आकडेमोड केली तर या नियमाने लढाई इतकी लांबायलाच नको होती. म्हणून पुढच्या गुरुवारी धापेचा नियम मागे घेतला. लढाई तेवढीच चालली. मग राक्षसाचे जीव कमी केले. तेवढीच. वैदूच्या सुरीला विष दिले, विष काढून घेतले, तिरंदाजाला एक बाण जास्त दिला. काहीही करा, राक्षस मरणासन्न होऊन सुषमाच्या पाळीची वाट पाहत बसे, जसा काही तिच्या हातूनच मोक्ष मिळणार होता.

किती चिडले होते मी त्या दिवसांत! दिवाळीचा फराळ करताना, चकलीचा सोऱ्या फिरवताना, डोक्यात सरासऱ्या. खोटे वाटेल, पण मी तो वीस बाजूंचा फासा मिठाच्या दाट पाण्यात तरंगत ठेवून पाहिला. एखादी बाजू जड असेल तर तीच दर वेळी खाली जाते आणि फासा लबाड आहे हे कळते. पेल्यातल्या त्या गढूळ पाण्यात तो निष्पापपणे गिरक्या घेत राहिला. फासा सरळ होता. मग वाकडे कोण? मी, माझे गणित, की संभाव्यतेचे ते संपूर्ण प्रकरण जे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आले?

दिवाळी संपली आणि विकासच्या खाचरात कापणी आली. पूर्वी या गावात सावड असे. आज तुमच्या शेतात आम्ही सगळे, उद्या आमच्या शेतात तुम्ही. हिशेब माणसामागे माणूस, दिवसामागे दिवस. कोण चपळ, कोण मंद, याची तुलना नाही. आता खाचरे बंगल्यांखाली गेली, हात कारखान्यांत गेले, तरी विकासचे घर आणि शंकरभाऊंची वस्ती यांच्यात सावड टिकून आहे. त्या वर्षी माणसे कमी पडली. विकास म्हणाला, "बाई, तुमी दोघी पन या की. एक गुरवार राक्षसाऐवजी भात कापू."

माझे बालपण खाचरात गेले, त्यामुळे हातात विळा घेताच कंबर आधी दुखली आणि मग आठवली. सुषमाचा जन्म लोणावळ्याच्या बाजारपेठेतला. तिने विळा औषधाच्या बाटलीसारखा, लेबल वाचायला धरतात तसा, धरला होता.

"मला एकटीला पात द्या," ती म्हणाली. "मदतनीस म्हणून नको."

पात म्हणजे एकेकाने कापत न्यायची पट्टी. सगळे एका रांगेत ओणवे होतात आणि आपापली पात धरून समोरच्या बांधापर्यंत जातात. तिला मधली पात मिळाली. एका बाजूला विकास, दुसऱ्या बाजूला शंकरभाऊ. दव अजून सुकले नव्हते. कापलेल्या धसकटांचा हिरवा, तुरट वास, विळ्यांची कर्र कर्र, मुठी मागे ठेवल्याचा मऊ आवाज, आणि दूर द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांची न संपणारी घरघर. आम्ही सगळे बांधाला जवळजवळ एकदमच पोचलो. सुषमाचे तोंड लाल झाले होते, आणि ते केवळ उन्हाने नव्हे, हे माझ्या लक्षात आले. जिंकलेल्या माणसाचे तोंड होते ते.

मग तिने मागे वळून पाहिले.

तिची पात सुरुवातीला पाच-सहा ओळींची होती. पुढे जाता जाता ती निमुळती होत गेली होती, आणि बांधाजवळ जेमतेम दोन ओळींची उरली होती. दोन्ही बाजूंच्या पाती तेवढ्याच फुगल्या होत्या.

"हे काय?" ती म्हणाली.

"भात हाय, ताई," शंकरभाऊ म्हणाले. "वाकडंतिकडं उगावतं कवाकवा."

चहाची किटली घेऊन आलेल्या विकासच्या आईने सरळ सांगून टाकले. "अगं, तसं करत्यातच. नवं मानूस मागं ऱ्हायलं, एकलं पडलं, तर बरं दिसत न्हाई. शेजारच्यानं दोन वळी वढून घ्यायच्या. त्यात बोलायचं काय?"

हे मला ठाऊक होते. लहानपणी माझ्याही ओळी अशाच ओढून घेतल्या गेल्या असणार. खाचरातले हे दाक्षिण्य इतके जुने आहे की त्याला नावच नाही. करणारा सांगत नाही, ज्याच्यासाठी केले तो विचारत नाही. सुषमाने विचारले. पण शेताबद्दल नाही. ती विळा हातात तसाच धरून विकासकडे पाहत राहिली, आणि मला दिसले की तिच्या डोक्यात काहीतरी जुळते आहे, जे माझ्या डोक्यात पूर्ण हंगाम जुळले नव्हते.

"विकास, त्या गुहेतल्या राक्षसाला तू किती मारलं होतंस?"

"कंच्या?"

"ज्याला मी मारलं, त्या."

विकासने विळ्याची धार अंगठ्याने चाचपली. "सतरा पडलं हुतं."

"आणि सांगितलंस किती?"

"पाच."

शंकरभाऊंनी टोपी काढून परत घातली. "मी पन," ते म्हणाले. "लय न्हाई. दोन-चारदा. बान चुकला म्हनून सांगितलं."

मला वाटते, त्या बांधावर एकाच वेळी दोन बायका संतापल्या आणि दोघींची कारणे अगदी वेगळी होती. माझ्या डोळ्यांपुढून धापेचा नियम गेला, विषाचा नियम गेला, मिठाच्या पाण्याचा पेला गेला. मी तराजूचे काटे घासत बसले होते आणि पारड्यावर दोन माणसे प्रेमाने बोट टेकवून उभी होती! "अरे, मी त्या आकड्यांवर नियम करत होते!" मी ओरडले. "प्रयोगशाळेत मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग निरीक्षणं भरतात, तसलं केलंत तुम्ही!"

"बाई, तुमीच म्हनला हुता, समद्यांना मजा आली पायजे," विकास कळवळून म्हणाला. "ताई जानार म्हनत हुत्या. मग मी काय करनार?"

"आन खोटं काय त्यात?" शंकरभाऊ म्हणाले. "रानात कुनी खोटं म्हनतं का ह्याला?"

सुषमा ओरडली नाही. तिने विळा बांधावर ठेवला, साडीचा खोचलेला पदर सोडला. "म्हणजे माझ्या हातून एकही मेला नाही," एवढेच म्हणाली, आणि चहा न घेता लोणावळ्याच्या रस्त्याने चालू लागली. पुढचा गुरुवार आला. दुपारी मी तिच्या दुकानावरून मुद्दाम गेले. दुकान उघडे होते.

शंकरभाऊंच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. शेतात ते खोटे नसते, कारण शेतात सगळ्यांना मिळून एकच गोष्ट हवी असते: भात उभा राहू नये. ओळ कुणी कापली याने तांदळाची चव बदलत नाही. पण खेळात माणूस येतो तोच मुळी आपला हात कुठवर पोचतो हे पाहायला. तिथे कुणी गुपचूप ओळी ओढून घेतल्या तर बांध येतो, पण आपण तिथवर आलेलो नसतो. शाळेतही हेच. अर्ध्या-अर्ध्या गुणाने पुढे सरकवलेले मूल वरच्या वर्गात जाऊन बसते आणि एक दिवस त्याला कळते की आपल्याखाली पायऱ्या नाहीत. त्याला दया कुणी दाखवली हे त्याला आठवत नाही. दया झाली एवढे मात्र ते विसरत नाही. असे मी म्हणते खरी. पण उलटही म्हणता येते. विकासने आकडा लपवला नसता तर ती चौथ्या गुरुवारीच गेली असती, आणि मग रागवायला तरी कोण उरले असते? एवढ्या साध्या गोष्टीला दोन्हीकडून उत्तर निघावे, याचाच मला वैताग येतो. गणितात असे प्रश्न चुकीचे छापलेले असतात.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही तिघे खोलीत बसलो होतो, खेळत नव्हतो. खाचर मोकळे झाले होते, धसकटांत बगळे उतरले होते. विकास शेंगा सोलत होता आणि टरफले डब्यात न टाकता खिशात टाकत होता, इतका तो बावरला होता. दार उघडले. सुषमा आत आली ती कणीक मळायची पितळी परात काखेत घेऊन. तिने दोन बाक पुसून जोडले, उताराच्या बाजूला माझे पाठ्यपुस्तक सारले आणि परात मधोमध ठेवली.

"झाकणं बंद," ती म्हणाली. "सगळ्यांनी यात टाकायचं. मला दिसेल असं. आण तुझा राक्षस."

मी राक्षस आणला. नियम कोणता लावायचा, मी विचारले. "कुठलाच नको," ती म्हणाली. "आधी खरं काय ते बघू दे."

पितळेत फासा पडला की घंटेसारखा वाजतो. विकासचे पहिले दान अठरा. दुसरे तेरा. तो आकडे असे बोलला, जणू गुन्हा कबूल करतो आहे. राक्षस उरला होता तो शंकरभाऊंच्या बाणाने पडला. सुषमाची पाळी आलीच नाही. तिने मान डोलावली. "हं. इतका फरक आहे तर. दुसरा आण. मोठा."

दुसरा मोठा होता, आणि त्याने भालाइताला टाळून सरळ वैदूवर झेप घेतली. माझा फासाही परातीतच पडला, विसावर. विकासचा हात नकळत परातीकडे गेला. सुषमाने त्याचे मनगट धरले. "राहू दे. माझं माणूस आहे ते." ती उठली, फळ्याजवळ गेली, आपल्या वैदूचे उरलेले जीव तळहाताने पुसले आणि तिथे स्वतः शून्य काढले. नीट, गोल, मोठे. मला वाटले, आता ती परात उचलून निघून जाणार.

ती परत येऊन आपल्या जागेवर बसली. हाताचा खडू झटकला.

"आता मला भालाईत दे," ती म्हणाली.

"तू पण भालाईत?" मी म्हणाले. "एकाच टोळीत दोन? अगं, एकाचंच जमत नाही मला, दोघांचं संतुलन मी कसं—"

"ते तुझं काम," सुषमा म्हणाली, आणि फासा विकासपुढे सरकवला. "तू टाक रे आधी. जोरात टाक."